कोरोनॅडो ब्यूट, न्यू हॅन्स ते ग्रँडव्ह्यू: ट्रेकच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, चँडलर

ठिकाण ठरलं. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून न्यू हॅन्स वाटेने उतरायचं, वाटेतल्या खिंडीतून कोरोनॅडो ब्यूट हे शिखर करायचं आणि तसंच खाली कोलोरॅडो नदीपर्यंत जायचं. तिथून टाँटो वाटेने पश्चिमेला हॅन्स क्रीक, मग हॉर्सशू मेसावर चढून ग्रँडव्ह्यू वाटेने बाहेर. तिघे जण: मी, पुण्याहून येणारा दादा आणि टेंपीत शिकणारा ताईचा मुलगा.

दादा कॉलेजपासून सह्याद्रीत फिरतोय. नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग, सगळं झालंय. त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "दरीत उतरून शिखर कसलं करायचं?" प्रश्न रास्त आहे. या भागात पठार सपाट असतं आणि डोंगर त्याच्या पोटात उभे असतात. नदीने आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी पठार कापत नेलं, मधले तुकडे उरले. त्या तुकड्यांना इथे ब्यूट, टेंपल, मेसा म्हणतात. कोरोनॅडो ब्यूट सात हजार शंभर फुटांहून थोडं जास्त उंच आहे आणि वाट सुरू होते ती जागा सात हजारांच्या आसपास. म्हणजे हजारेक फूट उतरून खिंड गाठायची आणि जितकं उतरलो तितकंच परत वर चढायचं.

ब्राइट एंजल किंवा साउथ कायबाबने का जायचं नाही, हे भाच्याने विचारलं. त्या वाटांची नियमित देखभाल होते, गर्दीही तितकीच असते, आणि ब्राइट एंजलवर तर मोसमात नळही असतात. न्यू हॅन्सची देखभाल होत नाही. दक्षिण काठावरच्या सर्वांत खडतर वाटांत ती धरतात. दादाला हवं तेच आहे.

८ डिसेंबर

परवान्याच्या लॉटरीत आपल्याला तारखा निवडायची वेळ मिळाली आणि हव्या त्या तारखाही मिळाल्या: १० ते १४ एप्रिल २०२५. कुठल्या रात्री कुठे मुक्काम, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. मनात आलं म्हणून पुढे जाऊन राहता येत नाही. सहापर्यंतचा गट छोटा धरतात, आपण तिघेच.

तारखा पंचांगात पाहिल्या. १२ एप्रिलला चैत्र पौर्णिमा. रात्री उजेड भरपूर मिळणार.

११ जानेवारी २०२५

आज दिवसभर पाण्याचा तक्ता केला. या ट्रेकचा खरा आराखडा तोच आहे, बाकीचं त्याच्याभोवती बसवायचं.

सह्याद्रीत पाण्याचा विचार आपण गडावर पोहोचेपर्यंतच करतो. वर कातळात खोदलेली टाकी असतात. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी जागा हेरून, पावसाचं पाणी कुठून येईल ते बघून ती कोरून ठेवली आहेत. आपण फक्त बाटली बुडवतो. इथे तसं काहीच नाही. वरचा कायबाब चुनखडक पाणी धरून ठेवत नाही. पाऊस आणि बर्फ भेगांतून आत जातो आणि थेट हजारो फूट खाली, जिथे पाणी अडवणारा थर येतो, तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून काठाजवळचे दोन-तीन हजार फूट कोरडे ठणठणीत. शिखर नेमकं त्याच पट्ट्यात.

आपल्या वाटेवर भरवशाचं पाणी तीनच ठिकाणी: नदी, हॅन्स क्रीक आणि मेसाच्या पूर्व अंगाला खाली असलेला पेज स्प्रिंग, ज्याला मायनर्स स्प्रिंगही म्हणतात. काठापासून नदीपर्यंत थेंब नाही.

आधी विचार होता की उलटं जावं, ग्रँडव्ह्यूने उतरून न्यू हॅन्सने वर यावं आणि शिखर शेवटच्या दिवशी करावं. तक्ता मांडल्यावर तो बेत मी काढून टाकला. तसं केलं तर शिखरासाठी लागणारं सगळं पाणी नदीपासून तीन-साडेतीन हजार फूट पाठीवर चढवावं लागेल, तेही थकलेल्या पायांनी. शिखर पहिल्या दिवशी घेतलं तर तेच पाणी पाठीवरून उतारावर येतं आणि खिंडीत ठेवून हलक्या पिशवीने वर जाता येतं. शिखराची वेळ पाण्याने ठरवली, आपल्या हौसेने नव्हे.

माणशी हिशेब: पहिल्या दिवशी चालताना आणि चढताना पाच लिटर, रात्रीच्या जेवणाला आणि सकाळच्या चहाला दीड, दुसऱ्या दिवशी नदीपर्यंत दोन. साडेआठ. त्यावर अर्धा लिटर राखीव, जो नदी दिसेपर्यंत उघडायचा नाही. नऊ लिटर म्हणजे नऊ किलो, आणि बाकीचं सामान वेगळं. दादाला आकडा सांगितला तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग तंबू कशाला? ताडपत्री आण." बरोबर बोलला.

९ फेब्रुवारी

सुपरस्टिशन डोंगरांत फ्लॅटआयर्नला जाऊन आलो, भाचा आणि मी, सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून. चढताना त्रास नाही. उतरताना ओझं पुढे ढकलतं, गुडघे आणि बोटं बोलायला लागतात. न्यू हॅन्स म्हणजे साडेसहा मैलांत चार हजार चारशे फूट उतार. आता सराव उतरण्याचाच करायचा.

यंदाचा हिवाळा ॲरिझोनात फार कोरडा गेला. वाटेच्या वरच्या भागात, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे एरवी एप्रिलपर्यंत बर्फ टिकतो. या वर्षी ती धास्ती कमी, आणि बर्फ वितळवून पाणी करण्याची आशाही कमी.

१६ मार्च

खाण्याची यादी पक्की. कॅन्यनमध्ये शेकोटीला बंदी आहे, त्यामुळे गॅसचा छोटा स्टोव्ह, आणि कोरड्या मुक्कामी तोही कमीत कमी. वहिनीने दादाबरोबर सातूचं पीठ, मेतकूट आणि भडंग द्यायचं कबूल केलंय. सातूचं पीठ गूळ घालून गार पाण्यात कालवलं की जेवण होतं. घातलेलं सगळं पाणी पोटात जातं, वाफ होऊन उडत नाही, भांडं धुवायला लागत नाही. दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी. बाकी खजूर, शेंगदाणे, चिक्की.

आणि मीठ. रखरखीत हवेत घाम कपड्यावर दिसायच्या आतच उडून जातो, माणूस नुसतं पाणी पीत राहतो आणि रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं. ही लक्षणं बरीचशी पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात आणि मग सोबतचे आणखी पाणी पाजतात. म्हणून नियम: दर तासाला पाणी, आणि पाण्याबरोबर काहीतरी खारट. मी आमसुलाची पूड, मीठ आणि साखर यांच्या पुड्या बांधून ठेवल्या आहेत.

दोर: वीस मीटर, हात धरायला आणि सॅक ओढायला. हेल्मेट तिघांना. अन्नासाठी तारेच्या जाळीच्या पिशव्या, कारण इथले उंदीर कापडी सॅक एका रात्रीत कुरतडतात आणि डोमकावळे चेन उघडतात.

९ एप्रिल, मॅदर कॅम्पग्राउंड

दादा रविवारी पोहोचला. आज दुपारी फ्लॅगस्टाफवरून वर आलो. पाइनच्या जंगलातून गाडी चालत राहते, डोंगर नाही, उतार नाही, आणि एकदम जमीन संपते. दादा कठड्याशी उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

एक गाडी ग्रँडव्ह्यूला ठेवून आलो. न्यू हॅन्सच्या तोंडाशी गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे दुसरी उद्या मोरान पॉइंटला लावून मैलभर मागे चालायचं. पाणी इथल्याच नळावर भरलं, सत्तावीस लिटर. सॅक उचलून पाहिल्या. भाच्याची सर्वांत जड, कारण त्याने स्टोव्ह आणि दोर स्वतःकडे मागून घेतले.

हवामान: उघडीप, आणि उष्णता नेहमीपेक्षा जास्त.

१० एप्रिल, शिखराचा दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. वाट काठावरून थेट खाली पडते. पहिला टप्पा कायबाब आणि टोरोवीप या थरांतून, मोठमोठ्या पायऱ्या, सुटे दगड, झुडपांना धरून उतरायचं. मग कोकोनिनो वालुकाश्म, फिकट, जवळजवळ पांढरा. सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचं वाळवंट आहे हे. वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांचे तिरके थर कातळात जसेच्या तसे. दादाने हात लावून पाहिला. आपल्या बसाल्टसारखी पकड नाही, वरची वाळू बोटाला लागते. "याच्यावर भरवसा ठेवायचा नाही," तो भाच्याला म्हणाला, "प्रत्येक खाच ठोकून बघ." "हो मामा."

सव्वासातला खिंडीत. सॅक झुडपांच्या सावलीत, पाण्याच्या थैल्या सपाट दगडांखाली, डोमकावळ्यांच्या चोचीपासून लांब. बरोबर माणशी दोन लिटर, दोर, हेल्मेट, थोडं खाणं. परत फिरायची वेळ मी खिंडीतच जाहीर केली: एक वाजता, जिथे असू तिथून. अंधार सातला पडतो, उजेडाची चिंता नव्हती. पण दोन लिटर पाणी साधारण तेवढ्या वेळापुरतंच होतं.

धारेवर वाट नाही. स्क्रब ओक, मांझानिटा आणि पायाला टोचणारे ॲगेव्ह यांतून आपली आपण काढायची. इथे एक गोष्ट भाच्याने आम्हाला शिकवली. झुडपांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर काळपट, खडबडीत साय दिसते. ती जिवंत असते: सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून वाळू धरून ठेवलेली असते. एक पाऊल पडलं की तुटते आणि भरून यायला कित्येक वर्षं जातात. त्यामुळे कातळावरून किंवा ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालायचं, लांब पडलं तरी. दादाने पुढचे सगळे दिवस ते पाळलं, आणि मी चुकीच्या बाजूला वळले की तोच मला थांबवायचा.

कड्याखाली दोन घळी दिसल्या. डावीकडची रुंद आणि सोपी वाटत होती. दादा तिच्यात पंधरा-वीस फूट चढला आणि उतरून आला. आतला घसारा सुटा होता, खालच्या माणसावर सगळा आला असता. उजवीकडची अरुंद. मध्ये एक मोठा दगड अडकलेला, त्याच्याखालून सॅक काढून सरपटत जायचं, पुढे दोन्ही भिंतींना पाय लावून धुराड्यासारख्या चिमणीतून चढायचं. दादा पुढे गेला. वय पन्नाशीपार, पण कातळावर तो अजून तसाच चढतो: घाई नाही, एकदा ठेवलेला पाय हलत नाही. वर जाऊन त्याने दोर बांधून सोडला. भाचा आला, मग मी. त्यावर एक छोटा कातळटप्पा आणि मग पिन्यन आणि ज्युनिपरची झाडं असलेला माथा.

अकरा वाजून दहा मिनिटं. दगडांच्या लगोरीत एक डबा होता, त्यातल्या वहीत नावं लिहिली, दादाने मराठीत.

उत्तरेला नदीपलीकडे, अगदी समोर, विष्णू टेंपल. साडेसात हजार फुटांचं, पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळतं होत गेलेलं. त्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला, कृष्णा श्राइन आणि रामा श्राइन. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने इथला अभ्यास करून १८८२ साली ग्रंथ छापला. त्याने या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवांची नावं दिली आणि पुढच्या नकाशाकारांनी ती रीत चालवली. दादाने चपला, म्हणजे बूट, काढून नमस्कार केला. भाच्याने फोटो काढायचा हात खाली घेतला. मलाही भरून आलं, आणि ते लिहून ठेवायला मला संकोच वाटत नाही. आई आम्हाला लहानपणी पहाटे विष्णुसहस्रनाम ऐकवायची, ती आज असती तर तिला या डोंगराचा फोटो दाखवला असता.

पूर्वेला डेझर्ट व्ह्यूचा दगडी मनोरा, वास्तुरचनाकार मेरी कोल्टरने १९३२ साली बांधलेला. खाली, लालभडक रेड कॅन्यन आणि टोकाशी नदीचा एक वाकडा तुकडा. पाणी दिसत होतं आणि तिथे पोहोचायला उद्या दुपार होणार होती.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. चिमणीच्या टप्प्यात शेवटच्या माणसाला वरून दोर नाही, म्हणून दादा शेवटी आणि आम्ही खालून त्याला पाय कुठे ठेवायचा ते सांगत. दोनला खिंडीत. थैल्या शाबूत.

तिथून वाट सुपाई थरांतून आडवी जाते, वर-खाली, वर-खाली, ओढ्यांची तोंडं ओलांडत. आजच्या दिवसातला सर्वांत कंटाळवाणा भाग. रेडवॉल या लाल कड्याच्या माथ्यावर मोठी लगोर आहे, तिच्या जवळ झोपायला सपाट जागा मिळाली. साडेपाच वाजले. जेवण झाल्यावर शिल्लक: माझ्याकडे तीन लिटर, दादाकडे साडेतीन, भाच्याकडे पावणेतीन. गरज तीनची, राखीव अर्ध्याचीही त्यात गणना. भाच्याला दादाने अर्धा लिटर ओतून दिलं. जेवायला दशम्या आणि सातू, स्टोव्ह काढलाच नाही.

११ एप्रिल, हॅन्स रॅपिड

सहाला निघालो, ऊन यायच्या आत रेडवॉल उतरायचा म्हणून. हा पाचशे फुटांचा सरळ कडा, चौतीस कोटी वर्षांचा चुनखडक. आतून राखाडी आहे. वरच्या थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याला लाल रंग चढतो. असा अखंड कडा फुटतो अशा जागा कमी, म्हणूनच कॅन्यनमधल्या सगळ्या वाटांचं गणित रेडवॉल कुठे फुटलाय यावर बसतं. आपली वाट एका सोंडेवरून नागमोडी उतरते. मुरूम गोट्यांसारखा घरंगळतो. इथे काठ्यांचा खरा उपयोग झाला.

ही वाट जॉन हॅन्सने १८९४ मध्ये काढली, कारण त्याची आधीची वाट दरडींनी आणि पुरांनी नेली. काठावर कायम वस्ती करणारा तो पहिला गोरा माणूस, आधी खाणवाला, मग पर्यटकांचा वाटाड्या आणि भन्नाट थापा सांगणारा. नदीपलीकडे त्याची ॲस्बेस्टॉसची खाण होती. तो १९१९ मध्ये वारला, हे राष्ट्रीय उद्यान झालं त्याच वर्षी.

साडेअकराला नदी. राखीव अर्धा लिटर तिघांकडेही न उघडलेला.

नदी हिरवी होती. वर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ पासून गाळ त्याच्या जलाशयात अडतो, आणि उपनद्यांना पूर नसेल तर इथून हिरवं, गार पाणी वाहतं. पाय घातला तर मिनिटभरात बधिर. तरी पाण्यात बारीक गाळ होताच, आणि तो फिल्टर बुजवतो. इथली राफ्टवाली मंडळी बादलीत तुरटी घालतात. दादाने खिशातून तुरटीचा खडाच काढला, पुण्याहून आणलेला. बादलीत चार-पाच वेळा फिरवून ठेवला. अर्ध्या तासाने तळाला गाळ, वर नितळ पाणी. तुरटीने जंतू मरत नाहीत, म्हणून मग फिल्टर. भाचा हे पहिल्यांदाच बघत होता.

सावलीत चौतीस अंश. टॅमरिस्कच्या झुडपांखाली चारपर्यंत पडून राहिलो. समोर नदी तीस फूट खाली कोसळते. रेड कॅन्यनमधून पुराबरोबर आलेल्या धोंड्यांनी पात्र अडवलंय, त्यातून हा रॅपिड झाला. दोन राफ्ट आल्या, वर थांबून वल्हेकऱ्यांनी काठावरून पाहणी केली, मग एकेक करून गेल्या.

संध्याकाळी दादाने हाक मारली, "अगं, हे बघ, डाइक!" नारिंगी-लाल हकाटाई शेलमधून काळ्या दगडाची भिंत तिरकी वर गेलेली. तापलेला शिलारस भेगेत घुसून गोठलेला, सुमारे एकशे दहा कोटी वर्षांपूर्वी. आपल्याकडे बसाल्टमध्ये अशा भिंती जागोजाग दिसतात, पण तिथे काळ्यात काळी. इथे लालात काळी असल्यामुळे लांबूनही कळते. अशाच शिलारसाची आच चुनखडकाला लागून ॲस्बेस्टॉस तयार झालं, तेच हॅन्स खणत होता. त्या काळ्या दगडापाशी दादा अंधार पडेपर्यंत बसून होता.

१२ एप्रिल, हॅन्स क्रीक

टाँटो वाट इथे, रेड कॅन्यनपाशी सुरू होते. नकाशात पठार म्हणून दिसते, पण सपाट नाही. प्रत्येक उपदरीच्या पोटात शिरते आणि परत बाहेर येते. समोर दगड फेकून पोहोचेल अशी जागा चालत गाठायला तास. मिनरल कॅन्यन ओलांडून वर चढलो, त्यानंतर सावली नाही. पाच वाजता निघालो होतो, साडेदहाला हॅन्स क्रीकच्या कॉटनवुडांखाली. माणशी चार लिटर घेतले होते, सव्वातीन संपले.

ओढा वाहतोय. बेडूक आहेत.

दुपारी ऊन कलल्यावर पात्रातून खाली गेलो. टेपीट्स वालुकाश्म, पन्नास कोटी वर्षांचा, आणि त्याच्या खाली लगेच विष्णू शिस्ट, पावणेदोनशे कोटींच्या आसपासचा. दोघांमधल्या रेषेवर हात ठेवता येतो. मधल्या सुमारे एकशेवीस कोटी वर्षांचे खडक इथे नाहीतच, झिजून गेले. सह्याद्रीचा सगळा बसाल्ट साडेसहा कोटींचा. दादा म्हणाला, "आपला अख्खा सह्याद्री या रेषेत अठरा वेळा मावेल." भाच्याने लगेच भागाकार करून बघितला.

आज हनुमान जयंती. संध्याकाळी भीमरूपी म्हटली, गुळ-खोबऱ्याचा प्रसाद. चंद्र कड्याआडून उशिरा वर आला, पण आला तेव्हा विजेऱ्या बंद केल्या.

१३ एप्रिल, हॉर्सशू मेसा

चढ सुरू. पेज स्प्रिंगला थांबून उरलेल्या सगळ्या वाटेचं पाणी भरलं, माणशी सात लिटर. मेसावर पाणी नाही. झऱ्याच्या वरची वाट अरुंद आहे, एका बाजूला कडा. जड सॅकने इथे सावकाश.

रेडवॉलमध्ये खाणींची तोंडं, बरीचशी जाळीने बंद. आसपास हिरवे-निळे दगड विखुरलेले: तांब्याचं खनिज. पीट बेरी आणि त्याच्या भागीदारांनी १८९० मध्ये लास्ट चान्स खाणीवर हक्क सांगितला. तांबं उत्तम प्रतीचं होतं, पण ते खेचरांवर लादून काठापर्यंत चढवायचं, तिथून गाड्यांनी पुढे. १९०७ मध्ये तांब्याचे भाव पडले आणि काम थांबलं. दगडी खोलीच्या भिंती उभ्या आहेत. एकही दगड उचलला नाही. नियम आहे, आणि नियम नसता तरी उचलला नसता.

मुक्कामाच्या जागा ठरवून दिलेल्या, शौचकूप आहे. रात्री जाळीच्या पिशव्या लटकवल्या, उंदरांनी दोर कुरतडायचा प्रयत्न केला.

१४ एप्रिल, ग्रँडव्ह्यू

चारला उठून निघालो. तीन मैलांत अडीच हजार फूट. खाणवाल्यांनी लाकडाचे ओंडके कड्याला टेकवून त्यांवर दगड रचून वाट केलीय, सव्वाशे वर्षांनंतरही बरीचशी टिकलेली. दादाने प्रत्येक ठिकाणी थांबून बांधणी बघितली. साडेआठला काठावर. पाणी शिल्लक: तिघांत मिळून पाच लिटर.

२० एप्रिल, चँडलर

दादा काल परतला. तक्ता पूर्ण केला. पहिल्या दिवशी अंदाज जवळजवळ बरोबर. भाच्याला वजनाच्या मानाने जास्त लागतं, पुढच्या वेळी त्याचा आकडा दहा. टाँटोवर अंदाज थोडा सैल. शेवटच्या दिवसासाठी सात लिटर जास्त होते, साडेपाच पुरले असते, पण त्या झऱ्यानंतर कुठेच काही नाही, म्हणून मी तो आकडा बदलत नाही.

दोर दोन ठिकाणी घासलाय, बाद. एका थैलीच्या तोंडाला गळती. आमसुलाच्या पुड्या सगळ्या संपल्या, दुप्पट करायच्या.

दादाने विमानतळावरूनच विचारलं, विष्णू टेंपलला कुठून जायचं? उत्तर काठावरून, केप रॉयलकडून, आणि चढाई याहून बरीच अवघड. तो म्हणाला, "मग तयारी करू."

१६ जुलै

उत्तर काठ बंद. ४ जुलैला वीज पडून लागलेला ड्रॅगन ब्राव्हो वणवा वाऱ्याने भडकला, १२ तारखेच्या रात्री ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. या मोसमापुरता तो सगळा भाग बंद जाहीर झालाय. दादाला फोन केला. त्याला आधी तिथली माणसं सुखरूप आहेत ना हे हवं होतं. त्यांना वेळेत बाहेर काढलं होतं.

विष्णू टेंपलची फाइल बाजूला ठेवली. ऑक्टोबरसाठी दक्षिण काठावरच बघतेय: साउथ बास वाट आणि तिच्याजवळचं माउंट ह्युथावाली. काठापासून शिखरापर्यंत तिथेही पाणी नाही, आणि वाटेच्या तोंडापर्यंतचा कच्चा रस्ता पावसात चिखल होतो. नवा तक्ता आज सुरू केला. भाच्याचा आकडा दहा धरून.